समाजाचा सोवळेपणा आणि आपली रेघ: कात्री नेमकी कुठे लागते?

कोराकागद_दादर

नमस्कार मंडळी. उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला सहा आठवड्यांचा एक उपक्रम घ्यायचा आहे. विषय आहे समाजाच्या पुराणमतवादाचा कला आणि डिझाइनमधल्या सर्जनशीलतेवर होणारा परिणाम. बंदी, मोर्चे, खटले यांची यादी मुलं पाच मिनिटांत फोनवर काढतील, तेवढ्यावर मला थांबायचं नाही. कामात काय दिसतं ते हवं आहे. सोवळ्या वातावरणाने रेघ बदलते का, रंग बदलतो का, लेआउट बदलतो का? बदलत असेल तर कोणत्या टप्प्यावर?

दुसरं, "बंधनं असली की कला जास्त फुलते" हे वाक्य वर्गात हमखास येतं. त्याच्या बाजूने किंवा विरोधात, पण ठोस उदाहरण घेऊन कुणी बोलेल का?

शेवटी दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत मुलांचं छोटं प्रदर्शन आहे. मानवाकृतींची कामं असणार, काही विवस्त्रही. तयारी काय ठेवायची?

विंगेतून

रंगाचं उदाहरण आपल्या रंगभूमीवरच आहे, तिथून सुरुवात करा. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' हे नाटक १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. त्यात माणिक या पात्राच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो, त्याला परिनिरीक्षण मंडळाचा, म्हणजे नाटकं तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाचा, आक्षेप होता. मग डाग निळा झाला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाऊ लागलं की हा डाग निळा दाखवतो आहोत, तो लाल समजावा.

मुलांना इथे एकच प्रश्न विचारा: रंग बदलला तेव्हा प्रेक्षकाच्या मनात क्रम कसा बदलला? लाल डाग आधी अंगावर येतो, अर्थ मागून लागतो. निळ्याचा अर्थ आधी लावावा लागतो आणि धक्का मागून येतो, आला तर. नाटकवाल्यांनी घोषणेतून कात्रीच प्रेक्षकांपुढे ठेवली, हे धाडसाचं आणि हुशारीचं काम होतं. पण त्या प्रवेशाचं दृश्यमूल्य परत आलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

प्रात्यक्षिकही होतं. मळकट पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्या, एकावर लाल आणि एकावर निळा डाग पाडा. खोली काळोखी करून आधी अंबर (पिवळट-नारिंगी) जिलेटीनचा, म्हणजे दिव्यापुढे धरायच्या रंगीत पारदर्शक पत्र्याचा, दिवा टाका, मग निळ्याचा. अंबरमध्ये निळा डाग काळपट, चिखलासारखा दिसतो, कारण त्या प्रकाशात निळा भाग जवळजवळ नसतोच. निळ्या प्रकाशात लालची तीच गत होते. घरातला संध्याकाळचा प्रवेश बहुधा अंबरमध्येच असतो, म्हणजे परवानगी मिळालेला निळा रंगही तिथे नीट निळा राहत नाही. मंडळ कागदावर रंग मंजूर करतं, रंगमंचावर तो दिव्याबरोबर बदलतो. नेपथ्य आणि वेशभूषेच्या मुलांना हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

दुसरा परिणाम संहितेवर. आपल्याकडे नाटकाची संहिता प्रयोगाआधी मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि प्रयोग त्या मंजूर संहितेबरहुकूम करायचा असतो. त्यामुळे पहिला फटका बसतो तो तालमीत सापडलेल्या वाक्यांना. कलाकाराला चौथ्या आठवड्यात काही जिवंत सापडलं तर ते पुन्हा मंजुरीला पाठवायचं की सोडून द्यायचं? वेळ नसतो, बहुतेक वेळा ते सोडलं जातं. मग आशय शब्दांतून निघून हालचालीत, शांततेत, प्रकाशात जातो, कारण वाचणाऱ्याला कागदावर शब्दच दिसतात.

सावलीचा वापर त्यातूनच फार होतो. तो करायचा तर नीट करा. पातळ मलमलीचा पडदा घट्ट ताणलेला हवा, सुरकुती पडली की सावलीची कड तुटते. मागे एकच दिवा, त्यावर फ्रॉस्ट (प्रकाश पसरवणारा धुरकट पत्रा) नको. दोन दिवे लावले की प्रत्येक हाताला दोन कडा येतात. नट दिव्याकडे सरकला की सावली मोठी आणि मऊ होते, पडद्याकडे सरकला की लहान आणि धारदार. समोरचा प्रकाश पडद्यावर सांडला तर सावली धुऊन निघते, ही सगळ्यात नेहमीची चूक. आणि कडेच्या खुर्च्यांवर स्वतः बसून बघा, तिथून पडद्यामागचा नट उघडा दिसतो.

लेआउटवाला_परळ

निळ्या डागाचा धागा जाहिरातीत थेट पुढे जातो. सॅनिटरी पॅडच्या जाहिरातींत कित्येक वर्षं निळं द्रव ओतलं गेलं. त्यात लाज तर आहेच, पण डिझाइनच्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण आहे: प्रात्यक्षिक खोटं पडतं. ते द्रव पाण्यासारखं पातळ असतं, म्हणून पॅडमध्ये झटकन मुरतं. प्रत्यक्षातला स्राव दाट असतो, सावकाश मुरतो, कडेला पसरतो. मापायची गोष्टच बदलली की ग्राहकाला मिळणारी माहिती बदलते. सोवळेपणाची किंमत फक्त सौंदर्यात मोजू नका, उपयोगितेत मोजा. विद्यार्थ्यांना हे लवकर पटतं.

आता टप्प्याबद्दल. माझ्या मते कात्री लागते ती थंबनेल (कल्पनेचं इवलंसं कच्चं रेखाटन) आणि पहिल्या रफ लेआउटच्या मध्ये. तोपर्यंत कुणीच 'नको' म्हटलेलं नसतं. क्लायंटने पाहिलेलं नसतं, लीगलने पाहिलेलं नसतं. "हे चालणार नाही" एवढं वाक्य मनात येतं आणि ते थंबनेल पानावरच राहतं. पुढे क्लायंट सांभाळणारं सर्व्हिसिंग, ब्रँड मॅनेजर, लीगल, कंपनीचा वरिष्ठ अशा चाळण्या असतात, पण त्यांच्यापर्यंत पोचतं ते आधीच सोललेलं असतं.

ही जागा पकडण्याची पद्धत सांगतो. प्रत्येकाने दोन बाय तीन इंचांची तीस थंबनेल्स काढायची, पेनने, खोडरबर न वापरता. पहिली दहा नेहमीची येतात, ती येऊ द्या. जे थंबनेल पुढे न्यायचं नाही त्याच्याखाली कारण तीनपैकी एका अक्षरात लिहायचं: 'क' म्हणजे कायदा किंवा लेखी नियम, 'ब' म्हणजे ब्रीफमध्ये, क्लायंटच्या लेखी मागणीत, लिहिलेलं, 'भ' म्हणजे भीती, कुणीही न सांगितलेली. 'क' लिहिलं तर कलम किंवा नियम दाखवायचा. दाखवता आला नाही तर तो 'भ' होतो. पान भरलं की वर्गात मोजा.

नियम म्हणून जे खरोखर आहे ते तसं आटोपशीर आहे. जाहिरात मानकांची परिषद, म्हणजे अ‍ॅस्की, १९८५ पासून मुंबईतून चालते. तिच्या संहितेत आक्षेपार्हतेवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल जून २०२२ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ही दुसरी गोष्ट मुद्दाम वाचून घ्या, कारण ती उलट दिशेने ढकलते: जुनाट चित्रणच तिथे आक्षेपाचं कारण ठरू शकतं. कायद्यात १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाविरुद्धचा अधिनियम आहे. टीव्हीसाठी १९९४ चे केबल नियम.

भीती नियमापेक्षा किती लांब पसरते याचा नमुना म्हणजे डिसेंबर २०१७ ची कंडोमच्या जाहिरातींबद्दलची सूचना. माहिती-प्रसारण मंत्रालयाने सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत त्या दाखवू नयेत असं सांगितलं, आणि त्याच महिन्यात खुलासा केला की रोख फक्त उत्तान जाहिरातींवर आहे. म्हणजे आरोग्याची माहिती देणाऱ्या साध्या जाहिरातीला दिवसा मोकळीक आहे. पण पहिली बातमी जितकी फिरली तितका खुलासा फिरला नाही.

शेवटचं, आणि हे फार कमी बोललं जातं. सोवळेपणा म्हणजे फक्त उघडं अंग नव्हे. मुलांच्या मॉकअपमधला नमुन्याचा मजकूर तपासा. डेबिट कार्डावर नाव कुणाचं? दाराच्या पाटीवर? डॉक्टरच्या केबिनवर? सातआठ आडनावं फिरून फिरून येतात. वॉचमन, मोलकरीण, डिलिव्हरीवाला यांना आडनावच नसतं. आईचे हात ओट्यावर, बाबांचे लॅपटॉपवर. हे कुणी सांगून केलेलं नसतं. एक तक्ता करा: चित्रातली व्यक्ती, नाव, हातातली वस्तू, फ्रेममधली जागा (मध्यभागी की कडेला), बसलेली की उभी. वीस कामं भरली की भिंतीवर लावा, तक्ता पुरे बोलतो.

मातीकाम

बंधनांची बाजू मी मांडतो, कारण ती गंभीरपणे मांडली जात नाही.

गणपतराव म्हात्रेंचं 'मंदिरपथगामिनी' बघा. १८९६ चं प्लास्टरमधलं शिल्प, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकणाऱ्या तरुण मुलाचं. नऊवारी नेसलेली मराठी स्त्री देवळाकडे निघाली आहे. विवस्त्र स्त्री त्या काळच्या मुंबईत मांडणं अवघडच होतं. म्हात्रेंनी पाश्चात्त्य अभिजात शिल्पाची सगळी ताकद नऊवारीच्या चुण्यांत उतरवली. पाठीचा वळसा, नितंबांवर ताणलेलं लुगडं, पुढे पडणारं पाऊल, सगळं आहे आणि कुठेही संकोच वाटत नाही. बंधन नसतं तर हे शिल्प ग्रीक नमुन्याची नक्कल झालं असतं, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. अंक मध्यमवर्गीय घरात टीपॉयवर पडणार, आजोबांपासून नातीपर्यंत सगळे चाळणार. त्या मर्यादेत दलालांनी मान, डोळे, बोटं, पदराचा काठ यांत शृंगार बसवला. बैठकीच्या लावणीतही तेच: अंगभर नऊवारी, बाई बसलेली, आणि सगळा खेळ भुवई, नजर आणि मनगटाचा. झाकलेल्यात जी शक्यता असते ती उघड्यात नसते. मर्यादा ओळखून काम करणं म्हणजे भ्याडपणा नव्हे, हेही मुलांना शिकवा.

रेघरेघ

मातीकाम, म्हात्रेंचं उदाहरण तुम्ही नेमकं निवडलंत, पण ते माझ्या बाजूने जातं असं मला वाटतं.

त्या शिल्पातल्या चुण्या खऱ्या का वाटतात? नऊवारीचा कासोटा मागे खोचलेला असतो. त्यामुळे कापड मांडीवरून आणि पोटरीवरून मागे ओढलं जातं आणि ताणाच्या रेघा गुडघा, नितंब, कंबर अशा ठरावीक बिंदूंतून निघतात. खालचा गुडघा कुठे आहे, वजन कोणत्या पायावर आहे, कटीचा तिरकसपणा किती आहे हे ठाऊक असल्याशिवाय एकही चुणी बरोबर पडत नाही. म्हणजे शिल्पकाराने दाखवलं झाकलेलं, पण त्याला माहीत होतं सगळं. जे.जे.त तेव्हा प्राचीन पाश्चात्त्य शिल्पांच्या प्लास्टर प्रतींवरून अभ्यास चालायचा, त्या प्रती डोळ्यांसमोर होत्या.

इथेच फरक करायला हवा. दाखवण्यावरचं बंधन वेगळं आणि पाहण्यावरचं, शिकण्यावरचं बंधन वेगळं. पहिल्यातून कलावंत वाट काढतो, कधीकधी सुंदर वाट काढतो, तुमची तिन्ही उदाहरणं तशी आहेत. दुसरं बंधन हातच लुळा करतं. समाजाचा सोवळेपणा या दोन्हींत भेद करत नाही, आणि सगळं नुकसान त्यामुळे होतं.

१९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन जे.जे.चे प्रमुख झाले आणि त्यांच्या काळात विवस्त्र मॉडेलवरून रीतसर अभ्यास सुरू झाला. ज्या महाविद्यालयांत तो आजही होत नाही त्यांच्या विद्यार्थ्यांची मानवाकृती लांबून ओळखू येते. खांदा आणि छाती यांचा सांधा कळलेला नसतो, म्हणून हात वर केला तरी छातीचा आकार हलत नाही. स्तन बरगड्यांच्या गोलाईवर न बसता सपाट फळीवर चिकटवल्यासारखे समोर बघतात. कटी म्हणजे नुसती आडवी रेघ, त्यामुळे उभी आकृती पडेल असं वाटतं. आणि कपडे! पदराच्या चुण्या खांद्यावरून निघत नाहीत, कुठूनही सुरू होतात आणि कुठेही संपतात. विद्यार्थी मग संदर्भ-फोटो शोधतो, फोटोतली चुणी आणि आपली आकृती जुळत नाहीत, आणि शेवटी आकृतीच लहान करून कोपऱ्यात ढकलतो किंवा तिची सावलीची आकृती करतो. बाहेरून ती 'शैली' वाटते.

याच गोष्टीचं रोजच्या व्यवहारातलं रूप बघायचं असेल तर ब्लाऊजच्या शिंप्याकडे जा. आपल्याकडे कित्येक दुकानांत अंगावरून माप घेत नाहीत, 'मापाचा ब्लाऊज' मागतात. कारण संकोच: पुरुष शिंपी, बाई गिऱ्हाईक, माणसांनी भरलेलं दुकान. परिणाम कटिंगवर होतो. जुना ब्लाऊज धुऊन धुऊन आडवा सैल झालेला, अस्तर मात्र आटलेलं. त्यात जी चूक होती ती नव्यात उतरते, मग नवा ब्लाऊज मापाला जातो आणि चूक पुढच्या पिढीत जाते. नेमकी जी मापं ब्लाऊजवरून नीट मिळत नाहीत तीच आकार ठरवतात: खांद्यापासून टक पॉइंटपर्यंतची (छातीच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंतची) उंची, दोन टक पॉइंटमधलं अंतर, आणि पुढची व मागची लांबी वेगवेगळी. ही नसली की टक, म्हणजे आकारासाठी शिवलेली चुणी, चुकीच्या उंचीवर येतो. टकाचं टोक थेट पॉइंटवर नेलं तर तिथे टोचल्यासारखा कोन उभा राहतो, म्हणून ते अर्धा ते एक इंच आधी थांबवतात. पुढची लांबी कमी पडली की खालची पट्टी वर चढते आणि बाई दिवसभर ब्लाऊज खाली ओढत राहते. मुंढा (बाहीचा काखेतला घेर) घट्ट असला की हात वर करताना सगळा ब्लाऊज वर येतो.

डिझाइनच्या मुलांना यावर काम द्या. स्वतः घरी माप घेता येईल असा एक पानी तक्ता: मागूनची आणि पुढूनची साधी रेघचित्रं, आठ मापं, टेप कुठून कुठे धरायची याचे बाण, माप घेताना आत काय घातलेलं असावं याची एक ओळ. पाच बायकांकडून भरून घ्या. दोनदा भरलेल्या मापांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर दोष बाईचा नाही, चित्राचा आहे, बाण बदला. संकोचाला मान देऊन अचूकता मिळवायची ही रीत आहे, आणि ती मला प्रदर्शनातल्या दहा निषेध-पोस्टरांपेक्षा मोलाची वाटते.

"बंधनातून कला फुलते" यावर आणखी एक. परंपरा आणि पुराणमतवाद एक नव्हेत. तेंडुलकरांचं नाटक 'घाशीराम कोतवाल' १९७२ चं. त्याची नटांच्या रांगेची मानवी भिंत, कीर्तन, लोकनाट्याचा घाट हे सगळं परंपरेतून आलेलं. परंपरेच्या नावाने विरोधही त्यालाच झाला, आणि १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेच प्रयोग थांबवले. पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभं केलं म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतो. जी कामं पुन्हा उभी राहिली नाहीत ती उदाहरण म्हणून कुणालाच आठवत नाहीत, म्हणून हे वाक्य इतकं खरं वाटतं.

मातीकाम

पाहण्यावरचं बंधन घातक, हे मान्य. पण दलालांच्या मुखपृष्ठात दाखवण्याची मर्यादा नुसती सोसलेली नाही, ती आनंदाने स्वीकारलेली आहे, एवढं मी धरून ठेवतो.

कोराकागद_दादर

ही चर्चा मला हवी तशीच झाली. रेघरेघ, एक अडचण: आमच्या महाविद्यालयात विवस्त्र मॉडेलला परवानगी मिळणार नाही. पालकांच्या तक्रारीची धास्ती आहे. सहा आठवड्यांत काय जमेल?

रेघरेघ

पुष्कळ जमेल. मुंबईत उघड्या शरीराच्या काही जागा समाजाने आधीच मान्य केलेल्या आहेत, तिथून सुरू करा.

एक, मल्लखांब. शिवाजी पार्कला त्याची जुनी परंपरा आहे. खेळाडू तोकड्या कपड्यांतच असतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पाठीचे, खांद्याचे, पोटरीचे स्नायू ताणाखाली कसे बदलतात हे स्टुडिओतल्या स्थिर मॉडेलपेक्षा इथे जास्त कळतं. खेळाडू अठरा वर्षांवरचेच घ्या, व्यवस्थापकांची आणि त्यांची स्वतःची परवानगी लेखी घ्या, फोटो नकोत, फक्त रेखाटन.

दोन, घारापुरी. सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद असतात. अर्धनारीश्वराच्या पॅनेलसमोर दोन तास बसवा. एकाच धडात उजवी बाजू पुरुषाची, डावी स्त्रीची. कटी कशी सरकली आहे आणि खांदे तिला कसा तोल देतात हे काढायला सांगा. आधी नुसती मधली कण्याची रेघ, मग खांद्यांची आणि कटीची तिरकी रेघ, मग घनाकार. तपशील शेवटी. पालकांच्या प्रश्नालाही हे उत्तर आहे.

तीन, वर्गात अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतला प्रौढ मॉडेल, शक्यतो नर्तक किंवा नर्तिका. दोन तासांचा आराखडा असा ठेवा: एकेक मिनिटाच्या दहा मुद्रा, पाच मिनिटांच्या चार, मग वीस मिनिटांच्या दोन, आणि मध्ये पाच-पाच मिनिटं विश्रांती. पायांच्या आणि हाताच्या जागा चिकटपट्टीने आखा, नाहीतर विश्रांतीनंतर मुद्रा बदलते आणि मागच्या रांगेतल्यांचं काम वाया जातं. दिवा एकाच बाजूने. पंखा मॉडेलच्या अंगावर थेट नको. फोन दाराशी पेटीत. मुद्रा कोणती हे मॉडेलला आधी सांगा, हात न लावता. पावसाळ्यात न्यूजप्रिंट ओल धरतो आणि कोळसा फासतो, बोर्डावर खाली जाड कार्ट्रिज कागद ठेवा.

शेवटच्या आठवड्यात तोच मॉडेल, त्याच मुद्रा, अंगावर नऊवारी किंवा धोतर. कपड्याच्या चित्रावर ट्रेसिंग ठेवून आतली आकृती काढायला सांगा. चुणी ताणबिंदूला लागते की नाही, लगेच कळतं.

भिंत_काळाघोडा

प्रदर्शनाबद्दल. कायद्याचा इतिहास मुलांना थोडक्यात सांगा, घाबरवण्यासाठी नव्हे. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींच्या 'लव्हर्स' चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. त्यांनी चित्रं उतरवायला नकार दिला, अश्लीलतेच्या कलम २९२ खाली खटला झाला, आणि ते सुटले. सरकार उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने चित्रकार सूझा आणि त्याच पदमसींची सात कामं कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केल्याचा आदेश रद्द केला. विवस्त्र चित्र म्हणजे आपोआप अश्लील नव्हे, हे न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं.

तरीही निकाल बाजूने लागणं आणि नुकसान टळणं एक नव्हे. १९९५ मधल्या बुटांच्या एका जाहिरातीत अजगर गुंडाळून विवस्त्र उभ्या राहिलेल्या मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांची सुटका २००९ मध्ये झाली. चौदा वर्षं तारखा. विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून तयारी करायची.

आज लागू कलमं ही: १ जुलै २०२४ पासून जुन्या २९२ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २९४. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी असलेल्या कामाचा अपवाद त्यात कायम आहे, आणि प्राचीन स्मारकं व देवळांचाही. धार्मिक भावनांचं कलम २९९, त्यात हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो. अश्लीलतेची कसोटी २०१४ च्या अवीक सरकार निकालापासून समकालीन समाजाच्या मापदंडांची आहे, आणि काम संपूर्ण पाहायचं असतं, एक तुकडा उचलून नाही. अठरा वर्षांखालील कुणाचंही विवस्त्र चित्रण नको, यात चर्चा नाही.

कामाच्या गोष्टी:

प्रत्येक कामाचा फोटो, आकार, माध्यम, वर्ष आणि चार ओळींचं टिपण असलेली फाइल गॅलरीत छापील ठेवा. टिपणात खुलासा किंवा माफी नको, काम काय पाहतं ते लिहा. बचावाची भाषा वाचली की पाहणारा दोष शोधायला लागतो.

विवस्त्र कामं रस्त्यावरून किंवा दारातून थेट दिसणार नाहीत अशी मांडा. आठ फुटी पार्टिशन दारासमोर आडवं टाकलं की पुरे. वेगळी काळोखी खोली करू नका. तिने कामाला चोरटेपणा येतो आणि गर्दी चुकीच्या कारणाने जमते. पार्टिशनवर, जमिनीपासून साधारण दीडशे सेंटिमीटरवर, एका ओळीची सूचना: आत मानवाकृतीचा अभ्यास असलेली विवस्त्र चित्रं आहेत.

निमंत्रणासाठी चित्र निवडताना विचार करा, ते संदर्भ सोडून एकटं फिरणार असतं. इन्स्टाग्रामच्या नियमांत चित्र-शिल्पातल्या विवस्त्रतेला मुभा आहे, पण यंत्र आधी काढून टाकतं आणि अपील नंतर बघितलं जातं. चौकोनी कापात पूर्ण आकृतीऐवजी धडाचा तुकडा उरला तर हमखास अडकतं. पूर्ण चित्र, चौकटीसह आणि भिंतीसह, टाका.

गॅलरीशी करारात एक वाक्य घाला: लेखी आदेशाशिवाय काम उतरवलं जाणार नाही, आणि उतरवायचं झालं तर चित्रकाराला आधी कळवलं जाईल. हे वाक्य नसलं की पहिल्या फोनलाच काम गोदामात जातं.

कुणी आक्षेप घेतला तर दारावरच्या मुलांनी वाद घालायचा नाही. नाव आणि आक्षेप नोंदवहीत लिहून घ्यायचा, शिक्षकांना फोन करायचा. पोलीस आले तर लेखी नोटीस मागायची. जप्ती झालीच तर पंचनाम्याची प्रत घ्यायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे, हे शांतपणे लक्षात आणून द्यायचं. वकिलाचा नंबर नोंदवहीच्या पहिल्या पानावर. या सगळ्याची एक रंगीत तालीम उद्घाटनाच्या आदल्या दिवशी करा, कारण गोंधळ होतो तो नियम माहीत नसल्याने नव्हे, कुणी बोलायचं हे ठरलेलं नसल्याने.

लेआउटवाला_परळ

एक जोड. प्रदर्शनासाठी कामं निवडतानाही तेच तीन अक्षरांचं खातं चालू ठेवा. वगळलेल्या प्रत्येक कामापुढे क, ब किंवा भ, आणि निवड समितीतल्या कुणी ते लिहिलं त्याची सही. सही मागितली की बरेचसे 'भ' तिथल्या तिथे मागे घेतले जातात आणि कामं परत भिंतीवर येतात. निवड उद्घाटनाच्या किमान आठ दिवस आधी करा, आदल्या रात्री केली तर फ्रेमवाल्याला वेळ नाही हेच कारण पुढे येतं.

कोराकागद_दादर

सगळ्यांचे आभार. पहिला आठवडा तीस थंबनेल्स आणि नावांचा तक्ता, दुसरा घारापुरी, तिसरा-चौथा मल्लखांब आणि वर्गातला मॉडेल, पाचव्यात नऊवारीचं ट्रेसिंग आणि मापाचा तक्ता, सहाव्यात निवड, करार आणि मांडणी, असं बसवते. विंगेतून, डागाच्या प्रात्यक्षिकाला अंबर आणि निळं जिलेटीन साधारण किती लागेल, आणि वर्गातल्या एलईडीवर चालेल का?

विंगेतून

दिव्याच्या तोंडापेक्षा दोन-दोन इंच मोठा प्रत्येकी एक तुकडा पुरे. रंग बदलणारा एलईडी घेऊ नका, तो रंगाच्या अरुंद पट्ट्यांतच प्रकाश टाकतो, त्यामुळे डागाचं काळवंडणं खऱ्यापेक्षा जास्त दिसतं आणि मुलांचा समज चुकतो. जुना हॅलोजन मिळवा, जिलेटीन काचेपासून थोडं दूर धरा, चिकटवलं तर दहा मिनिटांत मधे फिकं पडून जळतं. कापड दिव्यापासून सहा-सात फुटांवर उभं टांगा, आणि दोन्ही डाग एकाच उंचीवर ठेवा.